संकष्टीचा वर्ग

आमच्या रेवदंड्यास कॉलेज कधीच नव्हते. परंतु कॉलेजचा वर्ग होता. हे ऐकून आजचे लोक हसतात, म्हणून आधी त्याचा उलगडा करतो.

मिठाच्या चळवळीच्या आधीची ती चार-सहा वर्षे. आमच्या किनाऱ्यावरची जी थोडी मुले मॅट्रिक होत, ती ट्रंक घेऊन आगबोटीने मुंबईस जात, कॉलेजात नाव घालत, दोन्ही टर्म्स भरत आणि प्रीव्हियसच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपराला आपटून त्याच ट्रंकेसह परत येत. पुन्हा मुंबईस ठेवण्याची घरच्यांची ऐपत नसे. टर्म्स भरलेल्या असल्यामुळे परीक्षेस मात्र पुन्हा बसता येई. प्रश्न एवढाच होता की मधल्या काळात त्यांस इंग्रजी शिकवावे कोणी? ते काम प्रोफेसर अनंतराव निसळ यांनी अंगावर घेतले होते.

निसळ मूळचे नाशिककडचे, म्हणजे आमच्या भाषेत घाटावरचे. मुंबईच्या एका कॉलेजात ते इंग्रजी शिकवीत. पत्नी निवर्तल्या होत्या, अपत्य नव्हते. नोकरी सोडून ते आमच्याकडे आले, कारण येथील एका बागाईतदाराचा मुलगा त्यांचा जुना विद्यार्थी होता आणि त्याने आपले नारळांचे जुने कोठार त्यांस राहण्यास व शिकविण्यास दिले. ते कोठार आमच्या शंकराच्या देवळास लागून होते. देवळाच्या ओवरीत माझी संस्कृत पाठशाळा भरे. मध्ये कमरेइतक्या उंचीचा दगडी गडगा. गडग्याच्या अलीकडे माझी मुले शब्दरूपे घोकत, पलीकडे त्यांची मुले इंग्रजी वाचीत. मला इंग्रजी येत नाही. त्यामुळे त्यांच्या वर्गाचे मला जे काही कळले, ते स्वरांवरून, शांततेवरून आणि सायंकाळी संध्या आटोपल्यावर गडग्यापाशी उभे राहून ते जे मला सांगत त्यावरून.

उंच, किंचित वाकलेला देह. वैशाखातही गळ्यापर्यंत बंद काळा कोट. हातात छत्री, पावसाळा असो वा नसो. समुद्रकाठी इतकी वर्षे राहूनही त्यांस पाण्याची भीती कायम होती. बंदराकडे फिरावयास गेले तरी भिंतीच्या आतल्या बाजूने चालत. गावकरी त्यांस ‘कॉलेजमास्तर’ म्हणत, मुले ‘सर’ म्हणत, मी ‘प्रोफेसर’ म्हणे.

कोठाराच्या दाराशेजारी त्यांनी एक फळी टांगली होती. तीवर वर्गाचे नियम पांढऱ्या रंगाने लिहिलेले होते, वर इंग्रजीत व खाली मराठीत, म्हणजे पालकांसही वाचता यावेत. आठाच्या घंटेस दार बंद होईल. वर्ग सुटेपर्यंत ते उघडणार नाही. हजेरीस ज्याने त्याने आपल्याच नावास ओ द्यावी. उत्तर उभे राहून व पूर्ण वाक्यात द्यावे. वर्गात मराठी बोलू नये. शब्द सुचला नाही तर स्वस्थ उभे राहावे, त्यास कोणी हसू नये. बाजारातील अर्थाची पुस्तके चपलांबरोबर बाहेर ठेवावीत. महिन्यात तीनदा ज्यास दार बंद आढळेल, त्याचे नाव कमी होईल. आणि सर्वांत शेवटी, उशिराचे कारण विचारले जाणार नाही; ते सांगू नये.

त्या अर्थाच्या पुस्तकांची एक गंमत आहे. दत्तू जोशी नावाचा एक विद्यार्थी होता, आमच्याच आळीतला, जिभेचा तिखट. त्याने मुंबईहून येताना अशा पुस्तकांची चळत आणली होती. नियमाप्रमाणे तो ती चपलांपाशी ठेवून आत गेला, आणि देवळामागच्या शेवंताबाईच्या शेळीने त्यांतले एक निम्मे खाऊन टाकले. दत्तू वर्ग सुटल्यावर डोक्यास हात लावून बसला.

“सर, माझा पेपर खाल्ला हो हिने!”

निसळांनी शेळीकडे गंभीरपणे पाहिले. “पचवील ती. तुला ते पचणार नव्हते.”

“मग तिचंच नाव घाला हजेरीपटावर.”

“घालीन. ती घंटेच्या आधी येते.”

त्यांचा विनोद असा असे. तो करताना ते हसत नसत, आणि नंतर त्याची आठवणही काढीत नसत.

मुलांनी काय लिहावे याविषयीही त्यांचा कटाक्ष असे. निबंधात न पाहिलेले लिहावयाचे नाही. एका आगरी मुलाने हिवाळ्याच्या निबंधात बर्फ पाडला. निसळांनी त्यास उभे करून विचारले, “बर्फ कोठे पाहिलास?” मुलगा म्हणाला, “पुस्तकात.” “मग ते पुस्तकवाल्यास राहू दे. तुझ्या बापाचे मिठागर आहे ना? पहाटे तेथे थंडी कशी लागते ते लिही.” त्या मुलाने मिठागर लिहिले. निसळ त्यानंतर कितीतरी दिवस मला विचारीत, “शास्त्रीबुवा, थंडीच्या दिवसांत मिठाच्या पाण्यात पाय घातला तर खरोखर भाजल्यासारखे वाटते का हो?”

परंतु निसळ म्हटले की लोकांस आठवे ते दार. जाड सागाच्या दोन फळ्या, आतून लोखंडी कडी. घंटा वाजली की कडी पडे. तिचा आवाज माझ्या ओवरीपर्यंत येई आणि माझी मुलेसुद्धा त्या आवाजास घोकंपट्टीत क्षणभर थांबत. गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाचा भाचा एकदा घंटेनंतर आला. गृहस्थ स्वतः त्याच्यासोबत होते. त्यांनी दार ठोठावले, आपले नाव सांगितले, मग आवाज चढविला. दार उघडले नाही. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, “काय माणूस आहे हा! आम्ही बाहेर उभे आणि हा आत वाचतोय!”

मी त्या सायंकाळी निसळांस म्हटले, “प्रोफेसर, नियम असावेत. परंतु शास्त्रातही आपद्धर्म म्हणून काही सांगितला आहे.”

ते गडग्यावर छत्री टेकवून उभे होते. “आपद्धर्माचा लाभ सर्वांत आधी कोण घेतो, शास्त्रीबुवा? ज्यावर आपत्ती नसते तो. मुंबईस मी पाहिले आहे. सरदाराचा मुलगा उशिरा आला की त्याची घोडागाडी अडकलेली असे. चाळीतला मुलगा उशिरा आला की तो आळशी असे. कारणे ऐकू लागलो की ज्याच्या तोंडी चांगली भाषा, त्याचे कारण चांगले ठरते. ज्यास बोलता येत नाही, त्याचे काय? म्हणून मी कान बंद केले. दार सर्वांस सारखे.”

“तुम्हांसही?”

“मलाही,” ते म्हणाले.

ते बोलणे मला बोलण्यापुरते वाटले होते. पुढे एके दिवशी त्यांस हिवताप भरला. पहाटे थंडी वाजून गेली आणि ते मागच्या विहिरीवर तोंड धुवावयास गेले ते तेथेच बसून राहिले. घंटा वाजविण्याचे काम त्या आठवड्यात दत्तूकडे होते. आठ वाजले. सर नाहीत. दत्तूने घंटा दिली. मी गडग्यावरून पाहत होतो. त्याचा हात कडीवर होता आणि निसळ विहिरीकडून भिंतीस धरून येत होते. दत्तूने त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी होकारार्थी मान हलविली, आणि दत्तूने कडी घातली.

“सर,” आतून दत्तूचा रडवेला आवाज आला, “आम्ही काय करू?”

“वाचा,” निसळ बाहेरून म्हणाले, आणि नारळाच्या बुंध्यास टेकून वर्ग संपेपर्यंत उभे राहिले. मी घोंगडी व सुंठीचा काढा नेऊन दिला तो त्यांनी घेतला. सायंकाळी ताप उतरल्यावर मला म्हणाले, “एक उच्चार सारखा चुकत होता हो, शास्त्रीबुवा. सर्वजण चुकवीत होते. परंतु मी बाहेर होतो.”

ह्या प्रसंगानंतर त्या दारास गावात एक प्रकारचे पावित्र्य आले. लोक ते दुरून दाखवीत. मला स्वतःस त्या माणसाविषयी जो आदर वाटत होता तो त्या दिवसापासून दुणावला, हे मी नाकारणार नाही. नियमाखाली स्वतःस ठेवणारी माणसे मी फार पाहिली नाहीत.

खाडीपलीकडे, साळावच्या अंगास, जंजिरा संस्थानची हद्द लागे. तेथून युसूफ येई. दाऊद नाखवांचा धाकटा मुलगा. दाऊदभाईंचा मचवा नारळ आणि लाकूडफाटा घेऊन मुंबईस जात असे. घरात पाच वेळची नमाज आणि शब्दाची सचोटी. थोरले दोघे मुलगे मचव्यावर होते. युसूफ मुरुडला शिकला, मुंबईस गेला, इतरांसारखाच इंग्रजीत अडकून परत आला. बापाने त्यास स्पष्ट सांगितले होते, “ही येक परीक्षा दे. पास झालास तर पुढं बघू. न्हायतर मचवा हाय. मास्तरानं पटावरनं नाव काढलं तरी मचवा हाय.”

युसूफ काळासावळा, लांब हातांचा, फार न बोलणारा होता. नवा शब्द मिळाला की तो तोंडातल्या तोंडात घोळवीत तरीकडे, खाडी ओलांडणाऱ्या होडीकडे, चालत जाई; तरीवरचा म्हातारा तांडेल त्याची थट्टा करी, “आला बघा सायेब. आज काय नवीन खाल्लंस?” निसळांची शाबासकी एकाच शब्दाची असे. मूल वाचीत असता ते मध्ये न थांबविता “पुढे” म्हणाले, म्हणजे ते खूश आहेत असे समजावे. युसूफच्या वेळी “पुढे” हा शब्द गडग्यापलीकडून मला वारंवार ऐकू येई. एकदा ते मला म्हणाले, “हा मुलगा पास होईल. मी ज्योतिषी नव्हे, पण होईल.”

आता येथे पाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आम्हां खाडीकाठच्या लोकांस ते सांगावे लागत नाही, आणि तेच निसळांस कोणी सांगितले नव्हते. भरतीची वेळ तिथीबरोबर रोज पुढे सरकते. पौर्णिमेस आणि अवसेस भर माध्यान्ही पाणी चढते, आणि तृतीया-चतुर्थीच्या सकाळी, नेमके वर्गाच्या वेळी, ते पार ओसरलेले असते. पलीकडच्या काठास तेव्हा गुडघाभर चिखल उघडा पडतो, तरीची होडी चिखलात बसते, आणि मधल्या अरुंद पाण्याची ओढ खाडीच्या मुखाकडे, सरळ समुद्राकडे असते. तरीवाला पाणी वळेपर्यंत होडी सोडीत नाही. त्याआधी निघावे तर अंधार असतो. म्हणजे पंधरवड्यातील ते एक-दोन दिवस पलीकडच्या मुलाने आठास पोहोचावे, हे घडतच नसे.

त्या आश्विनात युसूफला शुद्ध तृतीयेस आणि चतुर्थीस दार बंद आढळले होते. तो बाहेर चपलांपाशी उभा राहून आतले वाचन ऐके आणि वर्ग सुटल्यावर दत्तूकडून टिपून घेई. मी त्यास म्हटले, “अरे, सरांना पाण्याचं सांग.”

त्याने फळीकडे बोट केले. “सांगू नये म्हणून लिहिलंय ना, शास्त्रीबाबा.”

“मी सांगतो.”

“नको. त्यांना वाटंल, मीच बोलायला लावलं.”

मी तरीही सायंकाळी विषय काढला. निसळ म्हणाले, “मग त्याने आदल्या रात्री इकडे येऊन राहावे. माझ्या ओसरीवर जागा आहे.” युक्ती योग्यच होती. पूर्वी अशा रात्री युसूफ अलीकडे येऊन बंदरावर निजेही. परंतु युसूफच्या आईस त्या दिवसांत अर्धांग झाले होते आणि तिला रात्री कुशीवर वळविण्याचे काम तो करीत होता. हे मला ठाऊक नव्हते. निसळांसही नव्हते. ते कारण होते, आणि कारण सांगावयाचे नव्हते.

वद्य तृतीयेस रविवार म्हणून वर्ग नव्हता. मग वद्य चतुर्थी आली. माझा संकष्टीचा उपवास होता, म्हणून तो दिवस मी विसरणे शक्य नाही. पाऊस उघडला होता, पण खाडीच्या मुखाशी, बारीवर, लाटा अजून फुटत होत्या. आठाची घंटा झाली, कडी पडली, हजेरी सुरू झाली. एकेकाची ओ येत होती. मध्ये एका नावानंतर काही क्षण काहीच आले नाही. मग पुढचे नाव घेतले गेले.

तरीवरच्या म्हाताऱ्याने नंतर सर्वांस सांगितले ते असे. युसूफ साळावच्या काठावर आला तेव्हा पाणी जोरात ओसरत होते. म्हातारा म्हणाला, “थांब रं बाबा, पानी वळूं दे.” युसूफ म्हणाला, “आज थांबून चालायचं न्हाय, चाचा. आज तिसरी खेप.” त्याने पुस्तके डोक्याच्या फडक्यात बांधली, काठाची एक लहान होडी चिखलातून ढकलली आणि एकट्याने वल्ही मारली. हात बळकट होते. निम्म्याच्या पलीकडे आला होता. मग ओढीने होडी आडवी धरली आणि मुखाकडे नेली.

बंदरावर ओरड झाली ती माझ्या कानी आली. एक कोळीण धावत जाताना रडतच सांगून गेली, “नाखवाचा युसूफ गेला वो, बारीवर गेला!” मी गडग्यापाशी जाऊन मोठ्याने हाक मारली, “प्रोफेसर, दार उघडा.”

आत वाचन चालू होते. ते थांबले. मी पुन्हा म्हटले, “अनंतराव, दार उघडा. युसूफ बुडाला.”

कडी निघाली. वर्ग चालू असता ते दार उघडलेले मी प्रथमच पाहिले. निसळ उंबरठ्यावर आले, हातात पुस्तक तसेच उघडे. मुले त्यांच्या दोन्ही बाजूंनी बंदराकडे धावली. ते मात्र तेथेच उभे राहिले, आणि मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी मला विचारले, “का? तो होडीत का बसला?”

जन्मात प्रथमच ते कोणाचे तरी कारण विचारीत होते. मी पंचांगाकडेही पाहिले नाही, नुसते म्हणालो, “आज चतुर्थी, प्रोफेसर. पाणी नव्हते.”

दुसऱ्या दिवशी कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी खडकांत तो मिळाला. दफनास दोन्ही काठांची माणसे होती. मी व निसळ कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर उभे होतो. तेथे येण्यासाठी ते खाडी ओलांडून आले होते. तरीत डोळे मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून. परत निघताना ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, त्याने मागे खाडीवर निबंध लिहिला होता. माझ्यासमोर उभा राहून वाचला. पाणी केव्हा येते, केव्हा जाते, होडी कोठे अडते, माणसे काठावर कशी खोळंबून बसतात, सर्व त्यात होते. मी ‘पुढे, पुढे’ म्हणत राहिलो. मी क्रियापदे ऐकत होतो.”

दिवस उलटले आणि ते दाऊदभाईंच्या घरी गेले. मला सोबत येण्याची विनंती केली म्हणून मी गेलो. आतल्या खोलीत ती माउली निजलेली. तिच्या घशातून अधूनमधून एक आवाज येई, शब्द नव्हता. दाऊदभाईंनी आम्हांस बाजेवर बसविले, पाणी दिले. थोरला मुलगा दाराशी हाताची घडी घालून उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही.

“मास्तर,” दाऊदभाई म्हणाले, “त्या सकाळी मी घरातच होतो. मी त्याला म्हटलं, दारच हाय ना? आज बंद झालं तर उद्या उघडंल. पोरगा म्हणला, बाबा, त्या दाराला उद्या न्हाय.”

निसळांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मी अडाणी मानूस. मला काय कळतंय तुमच्या इंग्रजीतलं? तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा आता. दुसऱ्या दिवशी उघडलं का न्हाय ते दार?”

निसळ उठून उभे राहिले. उत्तर उभे राहून द्यावे, हा त्यांचाच नियम. “मला वाटले होते की,” ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “मला वाटले होते की…” ज्यांनी आयुष्यात कोणाचे अर्धे वाक्य चालवून घेतले नाही, त्यांच्या तोंडून त्या घरात अर्ध्याच वाक्याचा उच्चार झाला. थोरला मुलगा दारातून म्हणाला, “बाबा, जाऊ द्या त्यांना. भरती उतरंल.” आम्ही निघालो.

कोठार काही दिवस बंद होते. मग एका सकाळी हातोड्याचा आवाज आला. निसळ स्वतः दाराची कडी उखडीत होते. त्यांस ते नीट जमत नव्हते. बोटे सोलली होती. कडी निघाली. नियमांची फळी मात्र त्यांनी काढली नाही, तीवरचे एक अक्षरही पुसले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, “ती राहू द्या. उतरवली की मला विसरण्यास सोपे जाईल.” फळीखाली त्यांनी एक लहान दगडी पाटी टांगली, आणि रोज सायंकाळी गडग्यापाशी येऊन मला विचारू लागले, “उद्याची तिथी कोणती? पाणी केव्हा?” मी सांगे. ते खडूने पाटीवर तिथी लिहीत आणि तीपुढे वर्गाची वेळ. द्वितीयेस अमुक, पंचमीस तमुक. असा इंग्रजीचा वर्ग साऱ्या मुंबई इलाख्यात दुसरा नसेल.

लोकांनी टवाळी केली. तो प्रतिष्ठित गृहस्थ चारचौघांत म्हणाला, “आता शेक्सपिअरचे मुहूर्त आमचे शास्त्रीबुवा काढणार!” दत्तूसुद्धा एकदा बोलून गेला, “सर, युनिव्हर्सिटीला कळवू या का, पेपर भरती बघून ठेवा म्हणून?” आणि मग स्वतःच ओठ चावून खाली बसला. निसळ त्यास रागावले नाहीत. उशिरा येणारा कोणी आला की ते वाचन थांबवीत, त्यास बसू देत आणि मराठीत विचारीत, “काय झाले?” मग तो सांगे ते सर्व ऐकून घेत. मुलांनी याचा गैरफायदा घेतला. कारणे लांबत गेली, खोटीही असत. निसळांस ते कळत असे. मला म्हणाले, “खोटे असले तरी ऐकतो. खरे कोणते, हे मी ऐकल्यावाचून ओळखीन असा गर्व आता उरला नाही.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सुरू केली. दर वद्य चतुर्थीस वर्ग आमच्या काठावर न भरता साळावास, तरीच्या उतारावरच्या वडाखाली भरे. दुपारी पाणी चढले की अलीकडच्या मुलांनी पलीकडे जावयाचे. मुले त्यास ‘संकष्टीचा वर्ग’ म्हणत. पाण्यास भिणारा तो माणूस दर महिन्यास डोळे मिटून खाडी ओलांडी. एका चतुर्थीस तरीवाला म्हातारा आजारी होता आणि मुले परत फिरण्याच्या बेतात होती. तेवढ्यात पलीकडून एक होडी आली. वल्ही दाऊदभाईंच्या हातांत होती. त्यांनी होडी काठास लावली आणि वाट पाहत राहिले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. निसळ प्रथम चढले. त्यानंतर दर चतुर्थीस त्यांस दाऊदभाईच नेत. थोरला मुलगा बापास बोलला म्हणे. त्याने निसळांशी शेवटपर्यंत शब्द काढला नाही.

वर्ग हळूहळू ओसरला. काही मुले पास झाली, दत्तूही झाला आणि मुंबईस कारकून लागला. पुढे चळवळीत काही गेली, काही तुरुंगांतून परतली ती पुस्तकांकडे वळली नाहीत. नियम ढिले झाले म्हणून पालकही नाराज होते. “पूर्वीचा दरारा राहिला नाही,” असे तेच लोक म्हणत ज्यांनी एकेकाळी त्या दारास शिव्या दिल्या होत्या. निसळांचा हिवताप आता वारंवार उलटे. कोट अंगावर लोंबू लागला होता. त्यांच्या पुतण्याने त्यांस नाशिकला नेण्याचे ठरविले, आणि तेथेच पुढील पावसाळ्यात ते गेल्याचे कळले.

परंतु मला ते आठवतात ते येथून जाण्यापूर्वीच्या चतुर्थीचे. त्या वर्षी वर्गात कोणीच उरले नव्हते, ना ह्या काठचे, ना त्या काठचे. मी उपवासाचा, देवदर्शन आटोपून सहज बंदरावर गेलो होतो. पाणी नुकतेच वळले होते. निसळ धक्क्यावर आले, काखेत पुस्तक, हातात छत्री. मला पाहून थांबले.

“शास्त्रीबुवा, आज चतुर्थीच ना?”

“होय. परंतु प्रोफेसर, पलीकडे आज कोण आहे?”

ते धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागले. खाली होडी लागलेली होती. दाऊदभाईंची दाढी पार पांढरी झाली होती. युसूफची आई त्यापूर्वीच अल्लाघरी गेली होती. निसळांनी एक पाय होडीत टाकला, आणि ते तसेच अर्धे काठावर, अर्धे होडीत, पाण्याकडे पाहत उभे राहिले. त्यांनी कोटाच्या खिशातले घड्याळ काढून पाहिले. इतक्या वर्षांची सवय.

दाऊदभाईंनी वल्हे चिखलात रोवून होडी स्थिर धरली, दुसरा हात पुढे केला.

“घाई न्हाय, मास्तर,” ते म्हणाले. “सावकाश बसा.”

निसळांनी तो हात धरला. होडी पाण्यास लागली. मी पाहत होतो तेव्हा त्या दिवशी त्यांचे डोळे उघडे होते.